मांडीवरून उठलेली पोर

सीताफळाचे डोळे उघडले की आमच्या घरात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. डोळे उघडणं म्हणजे फळाच्या खवल्यांमधल्या रेघा रुंद होणं. हिरव्या सालीवर त्या पांढरट-पिवळ्या दिसू लागल्या की फळ उतरवायचं. आळस केला तर ते झाडावरच फुटतं, आणि मग ते आपलं राहत नाही, खारींचं होतं. उतरवलेलं फळ गवतात दडपून ठेवलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं आणि त्याचा वास, गोड आणि जरासा आंबूस, अंथरुणा-पांघरुणापर्यंत जाऊन बसतो. पाहुणे म्हणतात, काय छान वास येतो हो तुमच्या घराला. चार दिवस राहिले की म्हणत नाहीत.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची झाडं आहेत. माझा धंदा गर काढायचा. पत्र्याच्या शेडमध्ये गल्लीतल्या बाया गोल करून बसतात, फळं फोडतात, बिया वेगळ्या करतात, आणि गर डब्यांत भरून फ्रीझरमध्ये जातो. तिथून तो शहरातल्या आइस्क्रीमवाल्यांकडे जातो. आमचे हे स्टँडजवळच्या दुकानात मोटारी भरतात, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून देतात. त्यांच्या अंगाला कायम वार्निशचा वास, माझ्या अंगाला सीताफळाचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता दोघांनाही एकमेकांचा वास येत नाही.

आज सकाळी शेडमधून आवाज आला, "ओ मावशी, हे लई पिकलंय. हे कावून घेतलं गरात? बाजूला टाका की."

आवाज अमानीचा. यंदा दहावीला आहे. मी म्हटलं, "तू आधी अभ्यासाला बस." तर म्हणते, "काकू, दहावी कुठं पळून चाललीय? सीताफळं पळत्यात." बाया हसल्या. मीही हसले, पण हातातलं काम थांबलं. तिचा इथला पहिला हंगाम आठवला. तो आठवायला लागला की सबंध आठवतो, अर्ध्यावर सोडता येत नाही.

अमानी माझ्या दिराची मुलगी. विलास साखर कारखान्यात इंजिनिअर होता. आमच्या भागातली बरीच मुलं या कामासाठी आफ्रिकेतल्या कारखान्यांत जातात. तसा तो केनियात गेला, तलवाड्याच्या मीनाशी लग्न करून तिला घेऊन गेला आणि तिथलाच झाला. अमानी तिकडेच जन्मली. नावही तिकडचंच, तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ शांतता. एके दिवशी विलास आणि मीना गाडीतून बाजाराला निघाले असताना ट्रकनं उडवलं. अमानी शाळेत होती, म्हणून राहिली. यापेक्षा जास्त मी कधी कुणाला विचारलं नाही. पुढचे काही महिने तिला शेजारच्या रोझबाईंनी सांभाळलं, त्यांचा नवराही त्याच कारखान्यात कामाला होता. मग कागदपत्रांचं सगळं उरकून ती आमच्याकडे आली. दहा वर्षांची होती.

आम्हाला मूल नव्हतं. दवाखाने झाले, उपवास झाले, लोकांचे सल्ले झाले, आणि शेवटी तो विषय आम्ही माळ्यावर टाकून दिला होता. विलास गेल्याचं दुःख खरं होतं. त्याच्या फोटोला हार घालून झाल्यावरही हे तिथून हलले नव्हते, ते मी पाहिलंय. पण त्या दुःखाच्या आत कुठंतरी 'आता ही आपली' असंही होतं. ते माझं मलाच आवडत नव्हतं, आणि जातही नव्हतं.

ती आली तेव्हा सीताफळाचे डोळे उघडायचे होते. ऊन चटके देत होतं आणि ही पोरगी अंगात लोकरीचा हिरवा स्वेटर घालून उभी. तिकडच्या शाळेचा. काढ म्हटलं की हाताची घडी घालायची. गल्लीतल्या बाया तिला बघायला आल्या. आफ्रिकेची पोरगी म्हणून काय काय मनात धरून आल्या असतील कुणास ठाऊक. समोर निघाली विलाससारख्या नाकाची, सावळी, घामानं भिजलेली एक लांबोडकी मुलगी. एकीनं म्हटलं, "बाळ, स्वेटर काढ की गं." तर ही म्हणाली, "कावून?"

मी चमकलेच. इंग्रजी येईल, तिकडची भाषा येईल असं धरून चालले होते मी. तिच्या तोंडून आली ती तलवाड्याची बोली, तीही थेट मीनाच्या ठेक्यात. हजारो मैलांवर, उसाच्या मळ्यांमधल्या कॉलनीत, मीना लेकीशी आपल्या माहेरच्या भाषेत बोलत राहिली होती. 'कावून' म्हणजे का, 'लई', 'न्हाई', 'गेलते', सगळं जसंच्या तसं. मी आत जाऊन पदर तोंडाला लावला. मीनाशी माझं आयुष्यात फार जमलं नाही, पण त्या दिवशी तिचं मला कौतुक वाटलं.

बोली आमची असली तरी पोर आमची नव्हती, हे दोन दिवसांत कळलं. भाकरी खायची, पण ताटावरून नजर उचलायची नाही. पुढं हंगाम सुरू झाल्यावर सीताफळ दिलं तर म्हणाली, "यात सगळ्या बियाच हायत." शेडमध्ये बायांच्या शेजारी बसायची, काळ्याभोर बिया पाण्यात धुऊन उन्हात ओळीनं मांडायची, मग त्या ओळी मोडायची. रविवारी रोझबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. तेवढाच वेळ तिचा चेहरा उघडायचा. दोघी तिकडच्या भाषेत भरभर बोलायच्या, खिदळायच्या, आणि मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहायचे. एक अक्षर कळायचं नाही. रोझबाई मला बघून हात हलवायच्या. मीही हलवायचे. मला त्यांचा राग यायचा, चांगला सणसणीत राग यायचा, आणि त्या बाईनं माझं वाईट काहीच केलेलं नव्हतं.

सख्ख्या काकानं पुतणीला दत्तक घ्यायचं तर त्यात अवघड ते काय, असं आम्हाला वाटलं होतं. बीडला दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी नीट समजावून सांगितलं. "मुलगी मोठी आहे. दिवाळीनंतर तिला घेऊन या. मी तिच्याशी एकटीशी बोलणार. ती नाही म्हणाली, तर नाही. मग पुढं काही होणार नाही."

"नाही म्हणाली तर ती कुठं जाईल?" यांनी विचारलं.

"तिला कुठं राहायचंय ते तीच सांगेल."

ती काय सांगेल ते आम्हाला ठाऊक होतं. रोझबाईंनी आधीच कळवलं होतं की त्यांचं दार तिच्यासाठी उघडं आहे. तलवाड्याचे तिचे मामाही म्हणाले होते, पोरीच्या मनाविरुद्ध काही नको. परतीच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. हे खिडकीबाहेर बघत होते. सोयाबीनच्या काढणीची धूळ आत येत होती, कुणी काच ओढायला उठलं नाही. पाटोदा आल्यावर हे एवढंच म्हणाले, "आपण काय कमी करतोय का तिला?"

त्याचं उत्तर तात्यांकडं होतं. तात्या म्हणजे यांचे चुलते, भावकीतले सगळ्यांत थोरले. त्यांच्या मते आमची चूक उघड होती. विधीच केलेला नव्हता.

"आरं, मांडीवर घेतल्याबिगर पोटची व्हती का कुठं?" तात्या म्हणाले. "दसऱ्याला भावकी बोलवा. मांडीवर बसवा, तोंडात साखर घाला. मंग बघा कशी रमती."

"तात्या, दहा वर्षांची हाय ती. पाय टेकतील जमिनीला," हे म्हणाले.

"टेकू दे. जमीन काय खाती का पायाला?"

आम्ही ऐकलं. खरं सांगायचं तर आम्हालाही तेच हवं होतं. काहीतरी करायचं होतं, हातावर हात धरून बसवत नव्हतं. आमच्याकडे माणसाला आपलं करायचं म्हटलं की पंचवीस लोक जमवायचे, सतरंज्या घालायच्या आणि जेवण करायचं, याच्यापलीकडे आम्हाला काही सुचत नाही.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात झेंडूच्या माळा, पाट, कलश. मी नवी साडी नेसून पाटावर बसले. अमानीला नवा परकर-पोलका होता, त्यावर तिनं स्वेटर चढवलाच. तिला मांडीवर बसवलं. ती बसली. तिचा सगळा भार तिनं स्वतःच्या पायांवर धरून ठेवला होता, माझ्या मांडीवर काहीच येत नव्हतं. हे फक्त मला कळत होतं. बाकीचे सगळे म्हणत होते, किती छान दिसतंय.

आता या विधीत देणारा लागतो. आई-बाप मूल देतात आणि घेणारे घेतात. इथं देणारे राहिलेच नव्हते, म्हणून थोरले या नात्यानं तात्या उभे राहिले. त्यांनी हातावर पाणी सोडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दिली."

"घेतली," हे म्हणाले. मी साखरेची चिमूट उचलली.

अमानी वळून माझ्याकडे बघायला लागली. "काकू, यांनी मला दिलं म्हंजे? मी यांची व्हते का?"

तात्यांच्या हातातून अजून पाणी ठिबकत होतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. मग ती माझ्या मांडीवरून उठली आणि परकर सावरत फाटकातून बाहेर गेली. साखर माझ्या चिमटीत तशीच राहिली. "लेकरू हाय, येईल," तात्या म्हणाले, पण त्यांचाही आवाज उतरला होता. पंगत बसली. बासुंदी होती, ती कुणाला गोड लागली असेल असं वाटत नाही.

ती आली नाही. झाडांत पाहिलं, शेडमध्ये पाहिलं, शाळेपाशी पाहिलं. दुपार कलली तेव्हा वेशीजवळच्या वस्तीवरची एक बाई धापा टाकत आली. दसरा झाला की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्या दिवशीही एक ट्रॉली भरत होती. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, ज्वारीची पोती, वर बायका-पोरं. "आवं बाई," ती म्हणाली, "तुमची पोरगी आमच्या ट्रॉलीत जाऊन बसलीय. उतर म्हनलं तं उतरंना. तुमीच या."

गोधड्यांच्या ढिगावर ती बसली होती, स्वेटरमध्ये हात ओढून घेऊन. शेजारी एका बाईच्या मांडीवर तान्हं झोपलं होतं. ट्रॅक्टरवाला बिडी ओढत थांबला होता, कुणी तिच्यावर ओरडत नव्हतं. आमचे हे चाकावर पाय देऊन वर चढले. मी खाली उभी.

"कुठं निघालीस, अमानी?"

"हे लोक कारखान्याला चाललेत."

हे तिच्यासमोर उकिडवे बसले. "पोरी, हा आपल्या इकडचा कारखाना. तो... तुमचा तो न्हाई."

"मला म्हाईत हाय," ती चिडून म्हणाली. "मी काय येडी हाय का? वास तर तसाच असंल ना."

मी चाकाला हात टेकला. ती मळीच्या वासाबद्दल बोलत होती. साखर कारखान्याच्या आसपास मैलभर सुटतो तो कुबट, जळकट, गोडसर वास, ज्याच्यामुळं लोक नाकाला रुमाल लावतात. तिच्या घराचा वास तो होता, आणि आम्ही तिला गेले कितीतरी दिवस सीताफळं हुंगायला देत होतो.

"गाळप अजून सुरू न्हाई झालं," शेवटी हे म्हणाले. "आत्ता गेलीस तर वास येणार न्हाई. दिवाळी झाली की धुराडं पेटतं. तवा मी घेऊन जातो तुला. आपण तिघं जाऊ."

तिनं विचार केला. मग शेजारच्या बाईला विचारलं, "खरंय का?" त्या बाईनं मान हलवली. तेव्हा कुठं ती उतरली. आमच्या शब्दावर नाही, त्या बाईच्या. तिला खाली घ्यायला मी हात पुढं केला होता, तो न धरता तिनं सरळ उडी मारली.

दिवाळी कशीबशी झाली. फटाक्यांना ती कानात बोटं घालून आत बसली. भाऊबीजेनंतर हे एका दोस्ताची जीप घेऊन आले आणि आम्ही निघालो. कारखाना दिसायच्या आधीच वास आला. अमानी खिडकीशी सरकली. रस्त्याच्या कडेनं बैलगाड्या, ट्रॅक्टर, उसाच्या मोळ्या, पाचटाचा भुगा, धुराड्यातून धूर. आम्ही बाहेरच एका लिंबाखाली थांबलो. ती उतरून दोन पावलं पुढं गेली आणि उभी राहिली. आधी म्हणाली, "आमच्या तिथं याच्यापेक्षा घाण येतो." मग तिला रडू फुटलं. इथं आल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, नाक ओढत, लाज न धरता.

मी जवळ गेले नाही. जावं की न जावं हे कळेना, म्हणून गेले नाही. हे मात्र जमिनीवर मांडी घालून बसले आणि कुणाला सांगतोय असं न दाखवता बोलायला लागले. "तुझ्या बापाला हा वास लहानपणी सहन व्हायचा न्हाई. आमचे वडील उसाच्या गाडीवर घेऊन जायचे आमाला. हा पठ्ठ्या सगळ्या वाटंनं उलट्या करायचा. मंग आमी याला चिडवायचो. कसा काय इंजिनिअर झाला कारखान्यात, देवालाच ठाऊक."

ती रडता रडता थांबली. "पप्पा? उलट्या?"

"इचार तुझ्या काकूला."

मला कुठलं माहीत असायला. पण मी म्हटलं, "लग्नातसुद्धा गाडी लागली होती त्याला." हे खरं होतं. वरातीच्या गाडीतून उतरून विलास बाभळीमागे गेला होता, आणि मीना हळदीच्या अंगानं हसू दाबत बसली होती. ते सांगितलं. अमानी खुदकन हसली. मग तीच सांगायला लागली, मम्मी पप्पांचे मळीचा वास मारणारे बूट कसे दाराबाहेर काढायला लावायची, पप्पा कसे मुद्दाम ते घालून घरभर फिरायचे. एका गाडीवानानं उसाचं कांडं सोलून दिलं, ते चोखत आम्ही अंधार पडायला आला तोवर बसलो होतो. तेव्हा ध्यानात आलं, की ती आल्यापासून आमच्या घरात विलास-मीनाचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. फोटोसुद्धा मी आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. तिला त्रास होऊ नये म्हणून. घरी आल्यावर यांनी तो बैठकीत खिळा ठोकून लावला.

तरी ती काय सांगणार याचा भरवसा नव्हता. तिनं काही कळू दिलं नाही, आम्ही विचारलं नाही. झाडांवर शेवटची, बारकी, काळपट फळं राहिली होती. हंगाम संपत आला की शेडमध्ये बाया कमी होतात, बोलणंही कमी होतं. त्या आठवड्यात मी एकटीच गर काढत बसायचे आणि मनातल्या मनात मॅडमना उत्तरं द्यायचे. 'बरं, जाऊ दे तिला.' 'नाही, जाऊ देणार नाही.' दोन्ही खरी होती.

बीडच्या ऑफिसात तिला आत घेऊन दार लावलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. लोक येत होते, जात होते, शिपाई चहा घेऊन गेला. हे म्हणाले, "न्हाई म्हणली तर मी स्वतः सोडून येतो तिला. विमानात बसून. तेवढं तरी आपल्या हातानं." मी त्यांचा हात धरला. बाजारात, रस्त्यात आम्ही कधी हात धरत नाही.

दार उघडलं. आत बोलावलं. अमानी खुर्चीत बसली होती, पाय हलवत. स्वेटर मांडीवर घडी करून ठेवलेला.

"ती तुमच्याकडे राहायचं म्हणतेय," मॅडम म्हणाल्या.

यांनी भिंतीला हात लावला. मॅडम पुढं बोलत होत्या. "पण तिच्या दोन अटी आहेत. मी तुम्हाला विचारावं, असं तिचं म्हणणं आहे. एक, रोझ आंटींचा फोन बंद करायचा नाही."

"कोण बंद करतंय," हे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

"आणि दुसरी." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ती तुम्हाला काकूच म्हणणार. आई म्हणणार नाही. आई होती, म्हणते. तुम्हाला चालेल का?"

इतकी वर्षं मी ज्या एका शब्दासाठी दवाखान्यांच्या पायऱ्या चढले, तो शब्द त्या टेबलावर ठेवून ती मला विचारत होती. रडले असते तर तिला वाटलं असतं, नाही म्हणतेय. म्हणून रडले नाही.

"चालेल," मी म्हणाले.

अमानीनं पाय हलवायचे थांबवले. "नक्की ना? मागून रुसायचं न्हाई."

"नाही रुसणार."

तिनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं, सीताफळाचा डोळा बघतात तसं, घाई न करता. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "मग लिहा."